भावकीतला शिंपला

जे आज जिवंत आहेत तेवढ्यांकडेच बघून, जे गेले ते कसे होते हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

वाचकहो, हा प्रश्न माझा नाही, नसीम आपाचा आहे. जुन्नरच्या कॉलेजात गणित शिकवणारी, आणि उरलेल्या वेळात नदीतल्या शिंपल्यांची वंशावळ कम्प्युटरवर मांडणारी नसीम आपा मागच्या महिन्यात गेली. तुम्ही तिला ओळखत नसाल, म्हणून एवढं सांगितलं. पुढचं मला तिच्याशीच बोलायचं आहे. तुम्ही ऐका.

आपा, तुझ्या शोकसभेत लोक खोटं बोलले. हेतू वाईट नव्हता. एक जण म्हणाला, गरिबीवर मात करून तू वर आलीस. तुझे अब्बा माझ्या शेजारीच बसले होते. बाजारपेठेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान, निम्म्या तालुक्याचे नळ आणि कड्याकोयंडे त्यांच्याकडून गेलेले. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आपण गरीब कधी झालो गं?" दुसरा म्हणाला, लहानपणापासून तुझं एकच ध्येय होतं, संशोधन. लहानपणी तुला एसटीचा कंडक्टर व्हायचं होतं! तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा हातात मिळावा म्हणून. मग वकील व्हायचं होतं. गणित तू घेतलंस ते दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून. पण सभेत या सगळ्या फांद्या छाटल्या गेल्या आणि तुझ्या आयुष्याची एक सरळ रेघ उरली. मला ते सहन झालं नाही. मी उठले आणि कंडक्टरची गोष्ट सांगितली. अर्धी सभा हसली, अर्धी रागावली. तुझी अम्मी हसणाऱ्यांत होती.

सरळ रेघेवरूनच आपली पहिली ओळख झाली, आठवतं? ओळख कसली, भांडणच. मी जुन्नरच्या स्टँडवर पत्रकं वाटत होते. आमच्या निमगाव सावाच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. माझं पहिलं वाचन 'बंधू-भगिनींनो' पासून सुरू झालं आणि 'बहुसंख्येने उपस्थित राहा' इथे संपलं. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या पोटमाळ्यावर, पाठकोऱ्या बाजूवर माझी गणितं. त्यामुळे जग दोन भागांत वाटलेलं असतं, ज्यांनी केलं ते आणि ज्यांना भोगावं लागलं ते, हे मला फार लवकर पाठ झालं. त्या दिवशीच्या पत्रकाचा मथळा माझा होता, 'धरणांनी कुकडीचा शिंपला खुजा केला!' तू उभ्या उभ्या पूर्ण वाचलंस. तुझी गाडी लागली, सुटली, तरी वाचत राहिलीस.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"खुजा केला हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? नदीच्या दरडीत जुने शिंपले निघतात ते तळहाताएवढे. आता पाण्यात सापडतात ते अंगठ्याएवढे. दिसतंय की."

"म्हणजे तू एक म्हातारा बघितलास, एक पोरगं बघितलंस, आणि ते आजा-नातू आहेत असं ठरवून मोकळी झालीस. ते एकमेकांचे कुणीच नसले तर, पत्रकवाले?"

तेव्हापासून माझं नाव पत्रकवाली. मी म्हटलं होतं, "तुम्ही धरणवाल्यांच्या बाजूच्या का?" तू म्हणालीस, "मी शिंपल्याच्या बाजूची. चल, चहा पाज, माझी गाडी गेली तुझ्यामुळे."

तुझ्या घरच्या माडीवर बसून तू मला ते झाड दाखवलंस. जिवंत शिंपल्यांच्या पेशींवरून कोण कुणाच्या जवळचं हे कळतं. त्या नात्यांचं झाड उभं करायचं. प्रत्येक फांदीच्या टोकाला त्या त्या शिंपल्याची लांबी लिहायची आणि कम्प्युटरला विचारायचं, बुंध्याजवळचा, सगळ्यांच्या मुळाशी असलेला शिंपला केवढा असेल? कम्प्युटर उत्तर देतो. "नेहमीच देतो," तू म्हणायचीस, "तीच तर पंचाईत आहे." टोकाला सगळे लहान असतील तर मूळही लहानच होतं असं तो ठासून सांगतो. मोठे जे होते ते मेले, त्यांची फांदीच या झाडावर नाही, हे त्याला ठाऊक नसतं. साऱ्या फांद्या मिळून हळूहळू एकाच दिशेला सरकल्या असतील तर जिवंतांकडे बघून ते कळायची सोयच नाही. त्यासाठी मातीतला शिंपला लागतो. तो झाडावर बसवला की बुंध्याचं उत्तर हलतं.

पण मातीतल्या शिंपल्याला पेशी नाहीत. मग त्याला बसवायचा कुठे? त्याची दोन झाकणं जोडणाऱ्या बिजागरीचे दात, कवचाची जाडी, पाठीवरची कड, यांवरून तुझा प्रोग्रॅम त्याला एका फांदीवर बसवून बघायचा, उठवायचा, दुसरीवर बसवायचा. जी जागा पटण्यासारखी तिथे जास्त वेळा, न पटणारी असेल तिथे कमी वेळा. असं अखंड चालायचं. शेवटी हाती यायचं ते एक झाड नसायचं, झाडांचा ढीग असायचा.

मला पत्रकासाठी एक चित्र हवं होतं. तू सगळी झाडं एकावर एक छापून दिलीस. नुसता धुरळा.

"हे छापू? लोक म्हणतील शाई सांडली."

"मग खाली लिही, शाई जिथे दाट तिथे आमचा भरवसा जास्त."

मी रागाने तो कागद घेऊन गेले होते, आपा. अजून माझ्याकडे आहे. आता बघते तेव्हा मला तो धुरळा वाटत नाही. किती ठिकाणी तू ठामपणे बोलायला नकार दिलास, ते त्यात दिसतं.

लोणी गावातली ती दुपार मात्र मला कुणीही विचारलं तरी सांगेन. माझ्या मावशीच्या ओट्यावर कांदा निवडायचं काम चाललं होतं. तू मांडी घालून बसलीस, एका हाताने कांदे निवडायला लागलीस आणि दुसऱ्या हाताने तो तळहाताएवढा शिंपला फिरवायला दिलास. मावशीचे दीर गेणूभाऊ तो उलटासुलटा करत म्हणाले, "मंजी ह्यो आत्ताच्या शिंपल्याचा खापरपणजा म्हना की."

"पणजा नव्हे, भाऊ. भावकीतला असावा."

"भावकीतला? मग तर लई वाईट. बांधावरनं भांडान असनार."

सगळे हसले. तू पण हसलीस. मग म्हणालीस, "भांडण नाही. मला वाटतं, त्याचा निर्वंश झाला."

तुला कल्पना नव्हती की तू कोणता शब्द उच्चारलास. आमच्याकडे तो शब्द असा सहज घेत नाहीत. मावशीने हातातला कांदा खाली ठेवला. आणि गेणूभाऊंनी विचारलं, अगदी खऱ्या काळजीने, "अरारा. मग त्याचा वाटा कुनाला गेला?"

"हाच माझा प्रश्न आहे, भाऊ," म्हणालीस. "वाटा कुणाला गेला."

परतीच्या वाटेवर तू म्हणालीस, मोठा शिंपला लहान होत गेला, की मोठ्याचं घर बुडालं आणि शेजारच्या लहानाने नदी व्यापली, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीत एकच घराणं बदलतं. दुसरीत कुणी तरी मरतं आणि आपल्याला पत्तासुद्धा लागत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा कुणी तरी दिसत असतो. "आणि पत्रकवाले, तू दोन्हीला 'खुजा केला' म्हणतेस. मेलेल्याला मेला तरी म्हण."

 

कोणती गोष्ट खरी, हे ठरणार होतं बबनदादांच्या दरडीत. कुकडीच्या काठाला त्यांचं रान, रानाच्या कडेला उभी दरड. वर काळी माती, तळाला वाळू-गोट्यांचा थर आणि त्यात ते मोठे शिंपले. या दोहोंच्या मधे पिवळट गाळाचा एक पट्टा. त्या पट्ट्यात कोण होतं? मधल्या मापाचे, पण आजच्यासारख्याच बिजागरीचे शिंपले निघाले तर घराणं एकच, ते लहान होत गेलं. मोठे आणि लहान शेजारी शेजारी, वेगवेगळ्या बिजागरीचे निघाले तर दोन घरं, आणि त्यातलं एक बुडालं. तुझं सगळं काम येऊन त्या पट्ट्यापाशी थांबलं होतं. आणि बबनदादांना ती दरड पाडायची होती. मोटर नदीवर न्यायला उतार नाही, खांद्यावरून न्यावी लागते. त्यांचा गुडघा गेलेला. त्यांचं काही चूक नव्हतं. तू मागितलीस तेवढी सवड त्यांनी दिली, ऊस तुटून जाईपर्यंत.

मधेच तू आजारी पडलीस. पट्टा तसाच राहिला.

मी पत्रक लिहिलं. मथळा, 'आपल्या नदीचा पूर्वज वाचवा!' तुझ्या उशाशी बसून वाचून दाखवलं. तू पेन मागितलंस. 'पूर्वज' खोडलंस. वर लिहिलंस, 'भावकीतला, बहुधा'.

"पत्रकात 'बहुधा' लिहिलं की पत्रक मेलं, आपा."

"आणि खोटं लिहिलं की?"

"खोटं कुठंय? थोडं पुढचं आहे."

"पुढचं कळलेलं नसताना सांगितलं की त्याला खोटंच म्हणतात."

मी पेटले. आजारी माणसाशी असं बोलू नये, पण तुला मी आजारी धरतच नव्हते. म्हटलं, "जेसीबी 'बहुधा' म्हणत खोदत नाही. समोरच्याला सगळं नक्की माहीत असतं. त्याला वाट पाहिजे, मोटर पाहिजे, उतार पाहिजे. आणि आपण काय घेऊन जायचं त्याच्यापुढे? धुरळा? 'बहुधा'साठी कुणी आपली दरड सोडतं का?"

तू पेनाला टोपण लावलंस. मग म्हणालीस, "हं. हे बरोबर आहे. याचं उत्तर उद्या देते."

मी जाताना पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा दारात चपलाच चपला होत्या.

ते उत्तर राहिलं, आपा. लोक म्हणतात, माणूस गेल्यावर भांडणं मिटतात. आपलं नाही मिटलं. मला ते मिटायला नकोच आहे, पण उत्तर हवं होतं.

दफन झाल्यानंतरच्या आठवड्यात तुझ्या अम्मीचा फोन आला. "बेटा, तिचं ते कम्प्युटर चालूच हाय. दिवसभर फुरफुरतंय. बंद करू का?" मी म्हटलं, हात लावू नका, येते. दुपारी माडीवर गेले. पडद्यावर तुझ्या दोन रेघा सरकत होत्या. तूच शिकवलं होतंस मला: एकच हिशोब दोन वेगळ्या ठिकाणांहून सुरू करून द्यायचा. दोघे भटकत भटकत एकाच मुक्कामाला आले तर भरवसा धरायचा. ते आलेले नव्हते. एक रेघ वर नांदत होती, एक खाली. अम्मी दारात उभी होती.

"काय म्हणतंय ते?"

"भांडतंय, अम्मी. आत दोघं आहेत. एक म्हणतो एकच घर, दुसरा म्हणतो दोन घरं."

"मग कधी मिटणार?"

"असं नाही मिटायचं. तिसरा कुणी तरी सांगणारा पाहिजे. तो नदीकाठच्या दरडीत आहे."

अम्मीने पदराने पडदा पुसला, हळूच, जखम पुसावी तसा. म्हणाली, "तर मग भांडू दे त्यांना. माडीवर आवाज तरी राहील."

मी खाली उतरले ती तशीच बबनदादांकडे गेले. ऊस तुटला होता. जेसीबीवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगून झालं होतं. बबनदादा पाचटाच्या ढिगावर बसले होते. म्हणाले, "ताई गेल्याचं कळलं. लई वाईट झालं. मला भाऊ म्हनायची. पन पोरी, मोटर मी किती दिस खांद्यावरनं नेऊ? आता तर खाली जाताना बिबट्याचीबी धास्ती." मग माझ्या रिकाम्या हातांकडे बघत, "आन् आज पत्रक न्हाई व्हय? भ्यालीस का काय?"

"त्यात 'बहुधा' लिहायचं की नाही ते ठरत नव्हतं, दादा."

"मंजी तुमालाच नक्की म्हाईत न्हाई."

"नाही."

"मग कशापायी आडवी येतीस?"

"माहीत नाही म्हणूनच. माहीत असतं तर तुमची दरड कशाला लागली असती? मीच म्हटलं असतं, पाडा खुशाल. जे कळलंय त्याला पुरावा लागत नाही, दादा. जे कळलेलं नाही तेवढ्यालाच लागतो. आणि तो तुमच्या रानात उभा आहे, दुसरीकडे कुठे आहे का तेही आम्हाला ठाऊक नाही."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की 'बहुधा' लिहिलं म्हणून पत्रक मरत नाही. 'बहुधा' हीच तर मागणी आहे. उद्या तू मला हेच सांगणार होतीस का? माहीत नाही. बहुधा.

बबनदादा उठले, दरडीच्या कडेला जाऊन उभे राहिले, वरून खाली बघत. "सगळी न्हाई थांबवत," म्हणाले. "वाट तर मी पाडनार. पन आमी रोजगार हमीवर माती खांदायचो ना, तवा खड्ड्यात मधी मातीचा एक खांब सोडायचो. किती खोल खांदलं त्याच्या मापाला. सायेब येऊन मोजून गेला की मग पाडायचा. तसा एक सोडतो. वरपास्नं थेट खालपत्तर. तुझा सायेब कवा येनार?"

"आमची साहेब गेली, दादा."

"व्हय की," ते म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ती परत घालत म्हणाले, "मग दुसरा बग. पाऊस लागला की खांब राह्यचा न्हाई."

सकाळी मी जेसीबीपुढे उभी होते, पण या वेळी आडवी नाही. चालवणारा पोरगा वैतागला होता. "काकी, मधीच काय ठेवता? सरळ पाडू द्या की राव." बबनदादांनीच त्याला दम दिला. दुपारपर्यंत उतार झाला, मोटर खाली गेली, आणि उताराच्या कडेला माणसाहून उंच एक मातीचा खांब उरला. वर काळी माती, मधे पिवळा पट्टा, तळाला गोटे. मी बाहेरून बघितलं. पट्ट्यात एक पांढरी कड दिसत होती, नखाएवढी. फार मोह झाला, आपा. बोट घालून उकरलं असतं तर केवढा आहे ते कळलं असतं. उकरलं नाही. तो नेमका किती खाली आहे, त्याच्या शेजारी कोण आहे, हे मोजायच्या आधी काढला तर तो नुसता शिंपला उरतो, हे तू मला ओरडून ओरडून शिकवलंस. आम्ही खांबावर ताडपत्री बांधली.

तुझ्याबरोबर झाडं मांडणाऱ्या पुण्याच्या दोघांनी पावसाआधी येऊ म्हटलंय. येतील, किंवा मी जाऊन घेऊन येईन. ते मोजतील, माती चाळतील, बिजागरीचे दात बघतील. तुझ्या दोन रेघा एकत्र येतील, किंवा येणार नाहीत. मोठ्याचा निर्वंश झाला हे तुझं म्हणणं चुकीचंही निघू शकतं. तसं निघालं तर मी ते छापीन, मोठ्या अक्षरात, तुझ्या नावासकट. तू माझ्यावर खूश होशील अशी एवढी एकच गोष्ट मला सुचते.

एक सांगायचं राहिलंच होतं. 'पूर्वज' खोडून तू वर जे लिहिलंस, ते मी तसंच ठेवलं. पत्रक छापून झालं आहे. मथळा तुझ्या अक्षरातला: 'भावकीतला, बहुधा'. शोकसभेत 'एकच ध्येय' म्हणालेल्या त्या गृहस्थांनाही एक दिलं. त्यांनी विचारलं, हा काय मथळा झाला? मी म्हटलं, वाचा, आणि गाडी चुकली तर चहा मी पाजते.

आता वाचकहो, तुमच्याशी. हे नाव-गाव बाजूला ठेवा. तुमच्या रानात या उन्हाळ्यात विहीर खणली जाईल, शेततळं होईल, रस्त्यासाठी डगर कापली जाईल. तुमचं काम अडवा असं मी म्हणत नाही. मातीतून शिंपला, हाड, दात काही निघालं तर ते धुऊ नका, कौतुकाने घरातल्या कपाटात मांडू नका. जागा सुरक्षित असेल तिथे, वरच्या मातीपासून तळापर्यंत, एक खांब न खोदता सोडा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या किंवा प्राणिशास्त्राच्या मास्तरांना बोलावून आणा. ते येऊन बघेपर्यंत तो पाडू नका. त्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, आम्हालाही ठाऊक नाही. तेवढ्याच कारणासाठी सोडा.